आधी बाळाची निंदा, मग फोटो

नवजात बाळाचे फोटो काढायला गेलो की मी उंबऱ्यातूनच बाळाची यथेच्छ निंदा सुरू करतो. "अरारा, हे काय उंदराचं पिल्लू आणून ठेवलंय!" नवे आईबाप चपापतात. घरातली म्हातारी मात्र खूश होऊन चहाला आधण ठेवायला सांगते. ही विद्या मला टेंभुर्णीच्या एका मावशींनी दिली. देण्याआधी घराबाहेर काढलं, ते वेगळं.

भोकरदनला माझा स्टुडिओ आहे. नवरदेवाच्या रुसलेल्या मामांना एका रांगेत उभं करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मग मोबाइलवर टोपलीत झोपलेली शहरी बाळं दिसू लागली आणि टेंभुर्णीला माहेरी आलेल्या एका बाळंतिणीचा फोन आला.

"काका, माझा लहानपणीचा एकबी फोटू न्हाई. नजर लागती म्हणून मायनं काढूच दिला न्हाई. पोरीचा तरी काढा. माय कशीबशी राजी झालीय, जल्दी या."

मी गेलो. तिच्या मायनं, म्हणजे त्याच मावशींनी, माझी टोपली पाहिली. "हे कायला? पोरगी हाय का मेथीची जुडी?"

खोलीत ओव्या-शेपाची धुरी आणि शेगडीची ऊब होती. अशा उबेसाठी शहरात हिटर लावतात. मी फ्लॅश पिशवीतच ठेवला, दार अर्धं उघडून उजेड घेतला, शेगडीवर हात शेकले. पोटभर प्यालेल्या पोरीला टोपलीत ठेवलं, कानाशी नळ सोडल्यासारखं 'शूऽऽ' केलं. ती गोगलगायीसारखी मिटली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहाहा! काय देखणं लेकरू!"

मावशींनी पोरीला झडप घालून पदराखाली घेतलं. "लागली नजर! सोन्यासारखी झोपल्ती. निघा तुम्ही."

"माय, माझ्या टायमालाबी तू असंच केल्तंस," लेक रडवेली होत म्हणाली.

मी ओसरीवर आलो. एक बूट पायात, दुसरा हातात. आत लेक मुसमुसत होती. ते ऐकून माझ्यातला शाळेच्या गॅदरिंगचा खलनायक जागा झाला.

"मावशी!" मी गरजलो. "गिऱ्हाईक खूश करायला खोटं बोललो हो! नाक बघा तिचं. बटाटा हाय बटाटा!"

आतून मावशींचा संशयी आवाज आला, "आन् कान?"

"वटवाघळाचे!"

"टाळू?"

"घासून घासून पोचा पडलेलं भगुनं!"

"रडनं?"

"घाट चढणारी एस्टी!"

मावशी दारात आल्या. चेहरा उजळलेला. "आता कसं बराबर बोलून राह्यले. या आत."

पोरगी पुन्हा टोपलीत गेली. आईचा हात तिच्या डोक्याशी, कारण बाळाला टोपलीत एकटं सोडायचं नाही हा माझा नियम. मी कॅमेऱ्याआडून "बोचरं वांगं, सुकलेलं बोंड, नकटी म्हातारी" असं पुटपुटत राहिलो. लेक हसू दाबत होती. तेवढ्यात पोरगी झोपेत गालातल्या गालात हसली.

"सटवाई हसवून राह्यली," मावशी कुजबुजल्या. मी बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. लेकीनं त्यावरून बोट फिरवलं. मावशींनी पदरानं पडदा पुसला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"माकडच हाय मेलं," त्या इतक्या लाडानं म्हणाल्या, की कुणी चांगलंही एवढं गोड बोलत नसेल. मग लेकीचा दंड धरून तिला टोपलीशेजारी बसवलं, विस्कटलेले केस कानामागं सारले.

"हिचाबी काढा, फोटूवाले. ही जनमली तवा तर याच्याहून भेसूर होती."