आबांच्या मांडीवरची शाल

सत्काराला होकार मी दिला होता, आबांनी नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. एकाहत्तरच्या लढाईत होते. फौजेतून सुटल्यावर चाकणच्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले आणि उरलेला सगळा वेळ त्यांनी लोकांच्या आजारपणाला दिला. गावात कुणी आजारी पडलं, की आबा त्याला घेऊन पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात. केसपेपर काढायचा, रक्ताची सोय करायची, ऑपरेशन संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर नातेवाइकांसोबत बसून राहायचं. तीसेक वर्षं हेच चाललं.

म्हणून गावातल्या मंडळाची माणसं सत्काराचं विचारायला आली, तेव्हा मला भरून आलं. आबा मात्र म्हणाले, "नको रं बाबांनो. मला लई येळ बसवत न्हाई."

कारण मला ठाऊक होतं. प्रोस्टेटचा त्रास सुरू झाल्यापासून त्यांना लघवी धरवत नसे. पण परक्या माणसांपुढे ते हे कसं सांगणार?

"अर्ध्या तासात मोकळं करतो," मंडळाचा अध्यक्ष म्हणाला.

"येतील आबा," मी म्हणून टाकलं.

त्या रविवारी नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट होती. मीच आबांना रिक्षाने घेऊन गेले. निळा कोट, छातीवर पदकं, कडक इस्त्रीची फिकट पँट. दोघा कार्यकर्त्यांनी हात धरून त्यांना स्टेजवर चढवलं आणि मधल्या खुर्चीत बसवलं. मी समोर पहिल्या रांगेत बसले. साडेदहा वाजले होते.

"प्रमुख पाहुणे चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेत, दहा मिनिटांत पोहोचतील," माइकवरून सांगितलं गेलं. मग भाषणं झाली. मग पुन्हा दहा मिनिटं. सव्वाबारापर्यंत ही दहा मिनिटं मी चारदा ऐकली.

आबांनी दोन्ही गुडघे घट्ट धरले होते. मला कळलं. मी उठून स्टेजच्या कडेला गेले आणि अध्यक्षाला हळूच म्हटलं, "त्यांना जरा खाली आणू द्या. बाथरूमला जायचंय."

"ताई, पाचच मिनिटं. गाडी आत वळलीसुद्धा. खुर्ची रिकामी दिसली तर कसं वाटेल?"

मला जोरात बोलता आलं असतं. पण मागे चारशे माणसं, कानाजवळ माइक. बोलले तर आबांची अब्रू जाणार, नाही बोलले तरी जाणार. मी तशीच पायऱ्या चढून त्यांच्याजवळ गेले.

"आबा, चला."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "उशीर झाला, पोरी."

फिकट पँटवर डाग पसरत चालला होता. बाजूच्या टेबलावर तबकात शाल घडी करून ठेवली होती. मी ती उचलली, उलगडली आणि त्यांच्या मांडीवर पांघरली. "ताई, ती पाहुण्यांच्या हातून द्यायचीय," कुणीतरी ओरडलं. मी म्हटलं, "त्यांना थंडी वाजतेय." भर उन्हाळ्यात.

पाहुणे आले. हार घातला. "उभे राहा बाबा, फोटो काढू," म्हणाले. एवढ्या वेळात आबा पहिल्यांदा मोठ्याने बोलले, "गुडघं धरल्यात सायेब. आमी बसूनच बरं."

हारतुरे चालू असताना गावातली एक म्हातारी पाया पडायला वर आली. तिच्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारात आबा महिनाभर दवाखान्यात तिच्यासोबत होते. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिला वास आला असणार. मग सरळ होऊन तिने रांगेतल्या बायकांना हाक मारली, "या गं, समद्याजणी वर या. आपल्या आबांना घरी नेऊ."

सात-आठजणी आल्या. त्यांनी आबांना मधे घेतलं, शाल कमरेला गुंडाळली आणि चहूबाजूंनी पदरांची भिंत करून त्यांना खाली उतरवलं. समोरचे लोक टाळ्या वाजवत राहिले. त्यांना तो मानच वाटला.

घरी आंघोळ करून आबा ओट्यावर बसले. मी म्हटलं, "आबा, चूक माझी. मी हो म्हणायला नको होतं."

त्यांनी खांद्यावरच्या पंचाने ओलं डोकं पुसलं. मग म्हणाले, "लढाईत दीड दिवस खंदकात अडकून व्हतो. वरनं मारा चालू. समद्यांची तीच गत झाली व्हती, पर कुणाला लाज वाटली न्हाई. आज मी एकटाच व्हतो."

"एकटे कुठं? त्या बायका होत्या की."

"व्हय," ते म्हणाले. "त्या आल्या."

नवऱ्याला मी हे अजून पूर्ण सांगितलेलं नाही. मंडळाने फोटो फ्रेम करून पाठवला, तो आबांनी मला माळ्यावर ठेवायला लावला. मी मात्र त्या म्हातारीच्या घरी जाऊन आले. तिने चहा केला. सत्काराचा विषय आम्ही दोघींनी काढला नाही.