कुदळी आत राहिल्या

"छत खोटं बोलत नाय, आपणच मधी बोलतो," असं बुधा एकदा म्हणाला होता. त्याच्या आयुष्यातल्या लांब वाक्यांपैकी हे एक.

तो नाशकाजवळच्या पेठ तालुक्यातल्या डोंगरातला. भात कापून झालं की चांद्याकडे कोळशाच्या खाणीत जायचा आणि आगोटीला, पावसाच्या तोंडाशी, परत यायचा. एकोणिसशे छत्तीसपर्यंत अशी बारा वर्षं गेली. खाणीत त्याचं काम छत वाजवण्याचं. एक तळहात डोक्यावरच्या दगडाला टेकवायचा आणि दुसऱ्या हातातल्या लोखंडी टोकाच्या काठीने ठोके द्यायचे. भक्कम छत खणखणीत वाजतं. सुटलेलं छत तडा गेलेल्या माठासारखं बद्द वाजतं आणि तळहाताखाली थरथरतं.

चौथ्या वर्षी छत बद्द वाजलं, तेव्हा बुधा "पळा" म्हणून ओरडला. नऊ जण पळाले. अर्ध्या वाटेवरून काळू मागे वळला, कारण त्याची कुदळ आत राहिली होती. कुदळ ज्याची त्याची, घरून आणलेली, दसऱ्याला हळदकुंकू लावलेली. ओरडा ऐकला की ह्या माणसांना आधी हत्यार आठवतं. काळू कुदळीपर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी कुदळ सापडली. दांड्याला ओरखडासुद्धा नव्हता.

ती कुदळ बुधानेच गावी नेऊन काळूच्या बायकोला, फुलाबाईला दिली.

"दादा, तुमी त्यांना काय म्हनलात?" तिने विचारलं.

"पळा म्हनलो."

"मंग पळाले नाय?"

"पळाला. मंग कुदळ आठवली."

तिने कुदळ घरात नेऊन ठेवली.

त्यानंतर बुधाने ओरडणं सोडलं. छत बद्द वाजलं की काठी काखेत मारायची आणि बाहेर चालू लागायचं. बोलायचं नाही, पळायचं नाही, मागे बघायचं नाही. टोळीने हातातलं जिथल्या तिथे टाकून त्याच्या मागे चालायचं. आत राहिलेली कुदळ देवाला वाहिली असं समजायचं. टोळीत थट्टा चाले, "बुधादादा लघवीला निघाला तरी आमी समदे मागं." तसं दोनदा झालंही होतं. पुढच्या आठ वर्षांत पुष्कळ कुदळी देवाला गेल्या. माणूस एकही गेला नाही.

मग बुधाचे गुडघे गेले आणि तो घरी राहिला. त्याची मुलगी मैना काळूच्या मुलाला, बहिरूला दिलेली होती. बहिरूनेही शेवटची तीन वर्षं त्याच टोळीत काढली होती.

सदतीस साली भात कापून झाल्यावर मालेगावचा मुकादम रहेमान भरतीला आला. नाशकात पेठ नाक्याजवळच्या धर्मशाळेत जुनी टोळी गठुडी बांधून बसली. बहिरूही बसला. मैनाला सातवा महिना होता. बुधा हो म्हणाल्याशिवाय कोणी अंगठा देत नव्हतं, म्हणून रहेमानने त्याला बैलगाडीतून आणवलं.

"या, बुधादादा," रहेमान म्हणाला. "तुमच्याशिवाय ही मंडळी शाईला बोट लावीनात. जसं काही मीच छत आहे."

"वाजवून बघा, दादा," मागून कोणीतरी म्हणालं. माणसं हसली.

"मामा, हो म्हना," बहिरू म्हणाला. "गाडी दुपारची हाय."

बुधा आपल्या खाणीतल्या काठीवर रेलून उभाच राहिला. बसलं की उठायला दोन माणसं लागत.

"छत कोन वाजवतो आता?"

"कोणी नाही. साहेब म्हणतात, त्यात पाळीचा वेळ जातो."

"खांब?"

रहेमानने पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. तो खोटं बोलणारा मुकादम नव्हता. म्हणूनच तो इतकी वर्षं मुकादमच राहिला होता.

"पूर्वी चार पावलांवर असायचा. आता आठ पावलांवर आहे. लाकूड मिळत नाही म्हणतात."

"तू आत गेलतास?"

"आमचं काम बाहेरचं, दादा."

बहिरूचा अंगठा शाईत बुडून वर आला होता. त्याने तो इतर बोटांपासून लांब धरला होता, कपड्याला लागू नये म्हणून.

"बोला की, मामा."

बुधाने अंगठ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. तिथे कुदळी ओळीने टेकून ठेवल्या होत्या. दारापासून तिसरी काळूची होती. बुधाने काठी काखेत मारली आणि गुडघे सांभाळत, मागे न बघता, तो दाराबाहेर चालू लागला.