अनसूया म्हणजे मत्सरी नव्हे

छापखान्याच्या मागच्या खोलीत मावशी सव्वीस वर्षं पुस्तकं शिवत होत्या. छापलेला मोठा कागद टेबलावर आला की घड्या घालायच्या, घडी बसवायला वरून पट्टी फिरवायची, पानांचे आकडे ओळीनं लागले का बघायचं आणि सुई-दोरा घ्यायचा. मजकूर वाचत बसायला वेळ कुणाला? बाळांच्या नावांचं जे पुस्तक तिथं छापलं जायचं, त्याच्या सात आवृत्त्या मावशींच्या हाताखालून गेल्या होत्या. पण आत काय लिहिलंय, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

लेकीला आठवा महिना लागला होता. मुलगी झाली तर आजीचं नाव ठेवायचं, अनसूया, असं लेकीनं आपणहून ठरवलं होतं. मावशी वरवर म्हणाल्या, "बघा बाई, तुमचं तुम्ही." मनातून मात्र त्या हरखून गेल्या होत्या.

अनसूया म्हणजे मावशींची आई. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात पहिल्या बायकोची दोन पोरं होती. दुधाचा पेला आधी त्या दोघांपुढे, मग पोटच्या पोरीपुढे. मावशी लहानपणी यावरून धुमसायच्या. एकदा रडत म्हणाल्या, "तुला माझं काहीच नाही का गं?" आई म्हणाली, "तुला मी आहे. त्यांना कोण आहे?"

त्या काळी हे नाव घरोघर असायचं. गल्लीत तीन अनसूया होत्या: गोरी, ठेंगणी आणि शिवणवाली. नळावर कुणी हाक मारली की तिघीही वळून बघायच्या. मूळ नाव पुराणातलं, अत्री ऋषींच्या बायकोचं; पण बायकांच्या तोंडी घासून त्याचं अनुसया झालं, अनसू झालं. पुढे मावशींच्या वर्गात एकच अनसूया होती आणि लेकीच्या वर्गात एकही नाही.

एके दिवशी दुपारी लेक हातात पुस्तक घेऊन आली. जावयांनी दुकानातून आणलेलं. मावशींनी पाठीवरची शिलाई ओळखली, त्यांचीच होती.

"आई, हे वाच."

मावशींनी चष्मा लावला. 'अनसूया: मत्सरी, हेवा करणारी.'

"आजीचं नाव असं होतं?" लेक म्हणाली. "हे म्हणतात, पोरीला मत्सरी कशी म्हणायची?"

मावशींच्या कानशिलाच्या शिरा ताडताड उडायला लागल्या. असूया म्हणजे मत्सर, आणि जिच्यात तो नाही ती अनसूया. आईच्या शाळेतल्या बाईंनी आईला सांगितलेलं, आईनं मावशींना. पुस्तक लिहिणाऱ्यानं सुरुवातीचा 'अन्' गिळला आणि उलटंच छापलं! लेकीला समजावलं तर ती म्हणाली, "पण आई, छापलंय ना?"

दुसऱ्या दिवशी मावशी मालकांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. आठव्या आवृत्तीचे कागद मागच्या खोलीत येऊन पडले होते. मालकांनी ओळ वाचली, डोकं खाजवलं.

"असेल चूक. पण मावशी, सात आवृत्त्या खपल्या. एकाची तक्रार नाही."

"तक्रार कोण करणार? ज्यांनी वाचलं त्यांनी नाव ठेवलंच नाही!"

नेमके तेव्हाच पुस्तकाचे लेखक आले. निवृत्त मास्तर, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. सगळं ऐकून ते हसले. "अहो, हे नाव तसंही मागं पडलंय. आता कोण ठेवतं?"

"तुमचं वाचून कोण ठेवेल?"

"बरं, अर्थ तुम्ही म्हणता तोच धरू. मग नावाच्या अर्थाला तरी जागा! आईचं नाव अनसूया आणि लेक एवढी रागावते?"

"मत्सर नाही असं म्हटलंय, मास्तर. राग नाही असं कुठं म्हटलंय?"

मालकांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात दडवलं. "मावशी, एका ओळीसाठी अख्खा कागद पुन्हा छापू का?"

"नका छापू. दुरुस्तीची चिठ्ठी छापा, मी चिकटवते. चिठ्ठी हातात पडेपर्यंत या पुस्तकाला सुई लावणार नाही."

मागच्या खोलीतून ऐकणाऱ्या बाकीच्या दोघी बाइंडरणींनीही घडीच्या पट्ट्या खाली ठेवल्या. पुस्तक कधी येणार म्हणून दुकानदारांचे फोन येत होते. मालकांनी सुस्कारा सोडून मास्तरांपुढे कागद सरकवला. मास्तरांनी लिहिलं: 'छपाईतील चुकीमुळे...'

मावशींचा पारा पुन्हा चढला. "छपाईतील? मालक, मास्तरांच्या हातचा कागद काढा कपाटातून." मालकांनी जुनी फाइल काढली. मास्तरांच्याच वळणदार अक्षरात 'मत्सरी' लिहिलेलं होतं. मास्तर 'छपाईतील' खोडून, ओळ पुरी करून निघून गेले.

दोन हजार चिठ्ठ्या मावशींनी स्वतः चिकटवल्या, एकही वाकडी नाही. तेवढ्यात लेक बाळंत झाली, मुलगी झाली. मावशी दवाखान्यात चिठ्ठी घेऊन गेल्या, पण जावयांनी सकाळीच कचेरीत दुसरं नाव नोंदवून टाकलं होतं. दोन अक्षरी, सुटसुटीत.

"आई, आता कुठं बदलत बसायचं?" लेक म्हणाली. "रागावलीस?"

"तुझ्यावर नाही गं," मावशी म्हणाल्या आणि नातीला उचलून घेतलं.

पण परतताना बाजारातल्या पुस्तकाच्या दुकानात सातव्या आवृत्तीचा गठ्ठा दिसला. मावशी थांबल्या. वरची प्रत उघडली, पर्समधून पेन काढलं, 'मत्सरी'वर काट मारली आणि शेजारी लिहिलं: 'मत्सर नसलेली.'

"ओ बाई, काय करताय? विकायचं पुस्तक आहे ते!" दुकानदार ओरडला.

"चुकीचं विकताय," मावशी म्हणाल्या आणि दुसरी प्रत ओढली. "आत अजून किती आहेत? आणा सगळ्या."