लीट्रिममध्ये टायर तपासताना

"शनिवारी लीट्रिमला जाऊ या," असं सौरभ म्हणाला तेव्हाच मला संशय आला. लीट्रिमला कोणी उगाच जात नाही. नवऱ्याने तिथलं एक घर हेरलं होतं. आयर्लंडमधल्या गॉलवेत आम्ही तीन वर्षं भाड्याने राहतोय. इथली विकाऊ घरं आम्ही फक्त बघतो, कारण बघायला पैसे पडत नाहीत. माझा प्रश्न एकच होता: तिथे अडीअडचणीला धावून येणारं कोण आहे? सौरभ म्हणे, इथे कोण आहे? मी गाडीत जाऊन बसले. मागच्या सीटवर विट्याहून आलेली माझी आई, मांडीवर धपाट्यांचा डबा. पंधरा दिवसांनी तिचं परतीचं विमान होतं आणि लेकीला कोणाच्या भरवशावर सोडून जायचं, हा घोर तिला लागलेला.

ट्यूमपर्यंत मोटरवे, पुढे रॉसकॉमनमधून साधा रस्ता. दोन तास धरा, ट्रॅक्टरमागे अडकलात तर अडीच. कॅरिक-ऑन-शॅननला नदीकाठी सूप आणि ब्राऊन ब्रेड खा. बारा युरोत पोट भरतं. मग ड्रमशॅनबोकडे वळलं की तळं, मेंढ्या, पाणथळ कुरण, पुन्हा तळं. या जिल्ह्याला समुद्रही आहे म्हणे, पण किनारा एवढासा की नकाशात दाखवताना सौरभला दोनदा झूम करावं लागलं.

"रान झ्याक हाय," आई म्हणाली. "पर मानूस कुठाय गं हितं?"

तेवढ्यात माणूस आला. समोरच्या गाडीतल्या बाबाने स्टीअरिंगवरून एक बोट उचललं. सौरभने लगेच वेग कमी केला, म्हणाला पुढे मामा उभे असणार. पोलीस काही दिसले नाहीत. दुसऱ्या गाडीनेही बोट उचललं, तेव्हा त्याने हेडलाइट तपासले. तिसऱ्या गाडीतल्या आजींनीही तेच केलं. आता टायरच बसला असणार, असं ठरवून या शहाण्याने गाडी कडेच्या गवतावर घेतली. गवताखाली चर होता. डावी चाकं आत गेली. टायर ठणठणीत होते.

"आता बघू कोण येतं ते," मी म्हणाले.

पाच मिनिटांत एक बाई थांबल्या, कोणालातरी फोन केला आणि ट्रॅक्टर येईपर्यंत आईशी हातवाऱ्यांनी गप्पा मारत बसल्या. ट्रॅक्टरवर सत्तरीचे टॉम. दोर बांधला, गाडी ओढली, ‘ग्रँड’ म्हणाले, म्हणजे सगळं झकास. आम्ही घर बघायला आलोय हे त्यांना आधीच ठाऊक होतं. त्या घराशेजारचं शेत त्यांचंच. सौरभने भीतभीत बोटाचं विचारलं.

टॉम दोर गुंडाळत म्हणाले, "तो नमस्कार आहे."

"पण ते आम्हाला ओळखतही नाहीत."

"म्हणून तर नुसतं बोट. ओळखत असते तर थांबून अर्धा तास बोलले असते."

आईने त्यांच्या हातात दोन धपाटे ठेवले. त्यांनी ते उभ्यानेच संपवले आणि डब्याकडे पाहिलं.

घराचं म्हणाल तर एका भिंतीला ओल, स्वयंपाकघरातल्या प्रेसला, म्हणजे कपाटाला, कुबट वास, माझं ऑफिस दोन तास लांब. मी दोष मोजत होते. आई खिडकीतून टॉमचा ट्रॅक्टर बघत होती. परतीच्या वाटेवर तिने प्रत्येक गाडीला बोट दाखवलं, काही मेंढ्यांनाही. गॉलवे जवळ आल्यावर म्हणाली, "तिथं ऱ्हायलीस तर म्या बिनघोर जाईन बघ."

आठवड्यातून किती दिवस ऑफिसला जावं लागेल, तेवढं मी मनात मोजलं.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघाले, तर आमच्या गल्लीत समोरच्या घरातले गृहस्थ गाडीने येत होते. तीन वर्षांत मला त्यांचं नावही कळलेलं नाही. स्टीअरिंगवरून माझं बोट आपसूक उठलं. त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि वाकून चारही टायर तपासले.

मी खूप हसले. सिग्नलपर्यंत हसत होते, मग रडू यायला लागलं. गाडी कडेला घेतली आणि सौरभला फोन केला. म्हटलं, त्या घराला ऑफर टाक.