आई खोलीत असली की चालायचा

आधीच सांगते, मी अंगारे-धुपारे करणाऱ्यातली नाही. शाळेत गणित शिकवायचे मी. नजर, करणी असलं कुणी बोललं की माझं डोकं फिरायचं, अजूनही फिरतं. तरी हे लिहितेय... मला पटेल असं कारण कुणीतरी सांगावं, एवढ्यासाठी.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. कोल्हापुरात मंगळवार पेठेत मी आणि आई दोघीच राहायचो. वडील आधीच गेलेले. परदेशातून आलेल्या मामेभावानं मला एक घरगुती कॉम्प्युटर दिला होता. कॉम्प्युटर म्हणजे काय, तर एक जाडजूड की-बोर्ड. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम साध्या कॅसेटवर असायचे. टेप लावली की किर्रर्र असा कर्कश आवाज व्हायचा, तो आवाज ऐकून मशीन प्रोग्राम उचलायचं. मी त्याच्या इतकी नादी लागले की परमनंट नोकरी सोडली! नातेवाइकांनी वेड्यात काढलं. आई तेवढी म्हणाली, "कर तुला काय करायचं ते."

गडहिंग्लजजवळच्या एका दूध डेअरीनं प्रोग्राम दाखवायला बोलावलं. दुधाच्या फॅटचा हिशोब करणारा प्रोग्राम होता, माझा मी लिहिलेला. पसंत पडला तर नोकरी. नाहीतर... शाळेत परत कोण घेणार होतं मला?

आणि नेमका तेव्हाच तो लोड होईना. आवाज यायचा, स्क्रीनवर पट्ट्या पळायच्या आणि शेवटी एरर. टेपचा हेड स्पिरिटनं पुसला, आवाज कमी-जास्त केला, कॅसेट बदलली, वायरी बदलल्या, स्टॅबिलायझर आणून जोडला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम सोडला नाही. तरी मशीन ढिम्म!

एका दुपारी आई तांदूळ निवडायला त्या खोलीत येऊन बसली आणि प्रोग्राम झटक्यात लोड झाला. मी उडीच मारली. ती ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली — एरर. आली — चालला. गेली — एरर. आधी मला हसू आलं. मग मी आईवरच प्रयोग सुरू केले. दारात उभी कर, भिंतीकडे तोंड करून बसव, बोलू नको म्हण. तिच्या जागेवर शेजारच्या काकूंनाही बसवून बघितलं. एरर!

"मी काय मोटर हाय व्हय गं?" आई भडकली. "ऊठ म्हंतीस, बस म्हंतीस. कामं सोडून आलोय मी हितं!"

"आई, डेअरीत माझ्याबरोबर चल की. नुसती बसून राहा."

"खुळी का काय तू? ह्या बाईच्या अंगात येतंय म्हनून मशीन चालतंय, म्हनतील लोक. मी न्हाय येत."

नाहीच आली. मी एकटीच सकाळच्या एसटीनं गेले, मांडीवर कॉम्प्युटर आणि टेप घेऊन. टीव्ही डेअरीचाच होता, चेअरमनसाहेबांच्या खोलीत. पाच-सहा माणसं खुर्च्या ओढून बसली.

"हां बाई, दावा तुमचं मशीन," चेअरमन म्हणाले.

एरर. परत लावला. परत एरर. "बाई, निदान शिनेमा तरी लावा की," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. काय करायचं सुचेना. हात रिकामे कसे ठेवायचे म्हणून कॅसेट मागं घेतली आणि परत लावली. काहीही बदललं नव्हतं, शपथ घेऊन सांगते.

लोड झाला! त्यांनी आकडे सांगितले, मी घातले, स्क्रीनवर उत्तर आलं. क्लार्कनं कागदावर करून बघितलं. "बरोबर हाय की!" चेअरमन म्हणाले, "पयल्या तारखेपास्नं या."

नोकरीचा आनंद तर झालाच, पण त्याहून मोठं ओझं उतरलं. आईशिवाय चालला! म्हणजे कुठली तरी वायर सैल असणार, आणि मी येडी घरी काय काय खेळ करत बसले होते. स्वतःलाच हसत मी बाहेर आले...

व्हरांड्यातल्या बाकावर आई बसली होती. मांडीवर पिशवी, शिपायाशी गप्पा चाललेल्या.

"तू कधी आलीस?"

"आत्ताच आल्यात की, मागच्या एसटीनं," शिपाईच म्हणाला. "आत समदी हसली आन् तुमचं किरकिर परत सुरू झालं, तवाच आल्या. आत चला म्हटलं तर नगं म्हनाल्या."

आई माझ्याकडं बघत होती. "चाललं न्हवं?"

"चाललं."

"मग झालं की."

किती जणांना विचारलं मी नंतर. कुणी अर्थिंग म्हणालं, कुणी व्होल्टेज, कुणी योगायोग. मग काकू बसल्यावर का नाही चालला? आणि डेअरीतली लाइट वेगळी, टीव्ही वेगळा, मध्ये अख्खी भिंत... मला आजही काही म्हणजे काही कळलेलं नाही.

आईलाही एकदा विचारलं, बाकावर बसून तू मनात काही म्हणत होतीस का गं?

"काय म्हनायचं? मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "पोरगी रडत भाईर आली तर एकटी नगं, म्हनून बसलोतो."