कंडिशनल

आमच्या दापोडीच्या गल्लीत फ्लेक्सवर झळकायचं तर वाढदिवस असावा लागतो, निवडणूक असावी लागते किंवा मरावं लागतं. मी यांतलं काहीच न करता झळकले. कंपनीची बस मला हायवेला सोडून गेली, मी चालत आत आले आणि गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाला बांधलेली मी मला दिसले. फोटो मावसबहिणीच्या लग्नातला होता. बाकीचं लग्न कापून टाकलेलं, पण माझ्या खांद्यावर मावशीची बोटं राहून गेली होती. मागे कुठलीतरी घुमटाची इमारत. वर हात जोडलेले स्थानिक नेते, आकाराने माझ्या दुप्पट. खाली मंडळाचे कार्यकर्ते, गॉगल लावून. आणि मधोमध सोनेरी अक्षरं: ‘परदेशातील नामांकित बिझनेस स्कूलची कंडिशनल ऑफर मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’

‘कंडिशनल’ हा शब्द बाकीच्या शब्दांपेक्षा मोठा होता.

मी चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत आहे. आम्हाला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांत जाऊन तपासणी करणं हे माझं काम. या कामात एक गोष्ट नाकाला शिकवावी लागते. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यांना ओल्या रंगाचा वास आला, की समजायचं हा कारखाना कालपासून शिस्तीत चालतो आहे. दुसरी गोष्ट म्हणजे डेव्हिएशन. माल मापात बसत नाही, पण तो परत पाठवला तर आमची गाड्या जोडायची लाइन थांबते. मग तीन साहेब सह्या करतात आणि तेवढा लॉट, म्हणजे तेवढी खेप, आहे तशी स्वीकारली जाते. त्याला म्हणतात माल डेव्हिएशनवर घेणं. महाळुंग्याकडचे एक कारखानदार मला दर वेळी हेच मागतात. “मॅडम, माल चांगला हाय, जरासा जाड हाय इतकंच. आमी काय सोनं मागतोय का? डेव्हिएशन मागतोय.”

सह्या करणारे तिघेही परदेशातून व्यवस्थापन शिकून आलेले आहेत. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं असा पुरावा मला आजवर सापडलेला नाही. पण त्यांना फिरती खुर्ची आहे आणि मला सेफ्टी शूज. म्हणून मी अर्ज करायचं ठरवलं. हे माझं कारण. घरचं कारण वेगळं होतं. आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांत दर्शनी भिंतीवर कोट आणि चष्मा घातलेल्या एकाच माणसाची तसबीर असते. तो परदेशी गेला, शिकला, परत आला आणि त्यामुळे आम्ही आज खुर्चीत बसून चहा पितो. तेव्हा परदेशी शिक्षण हा शब्द आमच्याकडे करिअर या शब्दाइतका हलका नाही. मी ज्यासाठी चालले होते त्या अभ्यासक्रमाच्या नावात ‘लीडरशिप’ होतं, ‘ग्लोबल’ होतं आणि ‘ट्रान्सफॉर्मेशन’ होतं. तसबिरीखाली उभं राहून ते नाव मोठ्यानं वाचायची माझी हिंमत झाली नाही.

वाकडच्या एका हॉटेलात या शाळांची जत्रा भरली होती. प्रत्येक टेबलावर एक हसरा माणूस, एक गोळ्यांची वाटी आणि हिरवळीवर हसत बसलेल्या वेगवेगळ्या रंगांच्या मुलांचा एक फोटो. हिरवळ सगळीकडे तीच होती, मुलंही बहुधा तीच. मी एका टेबलावर विचारलं, शिकवणारे किती कायमचे आणि किती तासावरचे? हसरा माणूस म्हणाला, “मॅडम, तुम्ही इंटरव्ह्यू द्यायला आलात की घ्यायला?” शेजारच्या रांगेतला एक मुलगा हसला. मी एक गोळी घेतली आणि पुढे गेले.

शेवटी दोन शाळा उरल्या. एक जुनी, तिला जाहिरातीची गरज नसावी, कारण तिच्या वेबसाइटवर एकही माणूस हसत नव्हता. तिनं मला वेटलिस्टवर ठेवलं. दुसरीनं मला अर्ज केल्याबरोबरच कंडिशनल ऑफर दिली: इंग्रजीच्या परीक्षेत आणखी गुण आणा, निधीचा पुरावा द्या, मग प्रवेश पक्का. इतक्या झटपट माल पाठवणाऱ्याकडे मी आधी गोदाम बघायला जाते. इथे जाता येत नव्हतं, म्हणून तिथं शिकून गेलेल्या एका मराठी मुलाला शोधून फोन केला.

“ताई, खरं सांगू का? कॉलेज म्हणजे एका ऑफिस बिल्डिंगमधले दोन मजले आहेत. खाली दातांचा दवाखाना.”

“आणि ब्रोशरवरच्या फोटोतली घुमटाची इमारत?”

“ती आहे की. बसमधून दिसते.”

“आता तुम्ही काय करता?”

“गोदामात आहे. सप्लाय चेनच म्हणायचं.” तो हसला, मग म्हणाला, “घरी माहीत नाही, बरं का.”

माझी तपासणी संपली होती. ही शाळा नापास. जुनीची वाट बघायची, नाही झालं तर यंदा नाही, असं मी मनात ठरवलं आणि घरी फक्त एवढंच बोलले की दोन्हीकडून उत्तरं आली आहेत. पप्पांनी मम्मीकरवी माझा फोन मागवून उत्तरं स्वतः वाचली. पहिल्यात त्यांना ‘ऑफर’ हा शब्द सापडला नाही. दुसऱ्यात सापडला, आणि त्याच्या आधी ‘कंडिशनल’.

पप्पा पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. कारखाना बंद झाला, त्या जागी आता पोहण्याचा तलाव असलेले टॉवर आहेत. नंतर ते आणि त्यांचे एक मेकॅनिक मित्र, ज्यांना मी चाचा म्हणते, काळेवाडीत जुन्या दुचाकी घेऊन, धडधाकट करून विकू लागले. फ्लेक्स लागला त्या संध्याकाळी दोघंही खांबाखाली उभे होते.

“पप्पा, हे काय आहे?”

“आवडलं? हे पोरं नुसतं ‘ऑफर’ लिहीत होते. मी म्हटलं, नुसती ऑफर कुणालाही येते. कंडिशनल लिहा, आणि मोठं लिहा.”

“कंडिशनल म्हणजे काय, पप्पा?”

“म्हणजे काय? कंडिशनमधली. टकाटक.”

“टॉप कंडिशन, बेटा,” चाचा म्हणाले. “सिंगल ओनर.”

मी तिथंच सांगितलं, कंडिशनल म्हणजे अट घातलेली. अट पुरी नाही झाली तर ऑफर नाही. पप्पांनी फ्लेक्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “मग अट पुरी कर. अटी कुणाला नसतात?”

“पण मला तिथं जायचंच नाहीये. ती शाळा चांगली नाही.”

बाजूला गाडीवर बसलेला मंडळाचा अध्यक्ष कळवळून म्हणाला, “ताई, असं कसं? आता फ्लेक्स लागलाय.”

 तेवढ्यात समोरच्या काकू आल्या, त्यांनी पप्पांना जय भीम केला आणि पेढा मागितला. पेढे तयार होते. कारखाना बंद झाल्यापासून पप्पांना इतकं ताठ उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मी एक पेढा खाल्ला.

पुढच्या रविवारी विहाराशेजारच्या हॉलमध्ये सत्कार झाला. शाल, पुष्पगुच्छ, आणि माझ्याच फोटोची फ्रेम, मावशीच्या बोटांसह. नेते उशिरा आले आणि फ्लेक्सवर होते त्यापेक्षा लहान निघाले. मी कुणाच्या पावलावर पाऊल टाकते आहे ते त्यांनी मला सांगितलं. मी स्टेजवरच्या तसबिरीकडे पाहायचं टाळलं. “ही आपली लेक,” ते म्हणाले, “तिथल्या गोऱ्यांना कंडिशन घालून येणार!” टाळ्या झाल्या. पप्पा पहिल्या रांगेत होते आणि सगळ्यांत उशिरापर्यंत वाजवत होते.

त्यानंतर काही दिवसांनी जुन्या शाळेचा मेल आला. वेटलिस्टवरच्या कुणालाही यंदा घेता येणार नव्हतं. मेल सभ्य होता. त्यात मला पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा होत्या. तो मी कंपनीच्या कँटीनमध्ये वाचला, तेव्हा माझ्या ताटात वाटाण्याची उसळ होती, आणि मी ती संपवली.

आता उरली एकच शाळा, मी स्वतः नापास केलेली. नाही म्हणायचं तर पप्पांना खांबावरून उतरवावं लागणार होतं. मी इंग्रजीची परीक्षा पुन्हा दिली, गुण आले, पप्पांनी बँकेत पुरावा तयार करवला, अट पुरी झाली. ‘स्वीकारते’चं बटण दाबताना मला हे कशाचं काम आहे ते नीट ठाऊक होतं. लाइन थांबवायची नाही, म्हणून माल डेव्हिएशनवर घेतला. फरक इतकाच की सह्या करायला तीन साहेब नव्हते.

व्हिसासाठी मुंबईला गेले. देशाचं नाव लिहीत नाही. तिथं पुन्हा अर्ज करायची वेळ येऊ शकते. खिडकीपलीकडचा माणूस माझ्याच वयाचा होता, कंटाळलेला आणि सभ्य. त्यानं कागद चाळले आणि एकच खरा प्रश्न विचारला. इतक्या शाळा असताना हीच का निवडली?

खरं उत्तर मला येत होतं. आमच्या गल्लीत खांबाला तिचं अभिनंदन बांधलं आहे म्हणून. मी ते दिलं नाही. मी ब्रोशरमधलं वाक्य म्हटलं, ग्लोबल, लीडरशिप, ट्रान्सफॉर्मेशन, सगळं क्रमानं. बोलता बोलता माझं मलाच ओल्या रंगाचा वास आल्यासारखं झालं. त्यालाही आला असणार. दर आठवड्याला मी ज्या चेहऱ्यानं कारखानदारांचं ऐकून घेते, त्याच चेहऱ्यानं त्यानं माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग पासपोर्ट परत सरकवला आणि नकाराचा छापील कागद दिला. तो माझ्यापेक्षा चांगला तपासनीस निघाला. त्यानं डेव्हिएशन दिलं नाही.

घरी सांगितल्यावर मम्मी म्हणाली, जेवून घे. पप्पांनी विचारलं, “काय कमी पडलं?” मी म्हटलं, शाळा. ते बराच वेळ मान हलवत राहिले, जणू त्यांनी हे आधीच ओळखलं होतं, आणि कदाचित ओळखलंही असेल. पुढच्या वर्षी बघू, असं कुणीच म्हणालं नाही. मी आपणहून पुन्हा अर्ज केला, तेव्हा जुन्या शाळेनं वेटलिस्टसुद्धा दिली नाही.

माझ्या फ्लेक्सवर कुणाच्यातरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढला. शब्द मात्र गल्लीत राहिला. कुणाची सोयरीक लटकली की बायका म्हणतात, “कंडिशनल आहे अजून.” नळाला पाणी येणार की नाही, तेही कंडिशनल असतं. हे त्या माझ्यासमोर बोलतात, त्यात टोमणा नसतो. शब्द कुठून आला हे बहुतेक त्या विसरल्या आहेत. चहाच्या टपरीवर कुणी नवखा पप्पांना विचारतो, “लेक परदेशी गेली ना तुमची?” तेव्हा टपरीवाला दुसरीकडे बघतो.

मागच्या सुट्टीला मी डबा द्यायला काळेवाडीला गेले होते. चाचा कार्बोरेटर उघडून बसले होते आणि पप्पा एका गिऱ्हाइकाला जुनी स्कूटर दाखवत होते. रंग नवा होता. गिऱ्हाइकानं सीटवर हात फिरवला आणि विचारलं, “काका, कंडिशन कशी आहे?”

पूर्वी या प्रश्नावर पप्पा भाषण करायचे.

“चालते,” ते म्हणाले, आणि फडक्यानं आरसा पुसू लागले.