पावडर कंपनीचा फॉरवर्ड

गौतम गेल्याचा निरोप त्याच्या मेहुण्यानं कारखान्याच्या फाटकावर आणला, तेव्हा मी टाइम ऑफिसात हजेरीची कार्डं लावत होतो. त्याला आता दीड महिना झाला. आपलं माणूस गेलं की रडू येतं म्हणतात. मला मात्र त्या दिवसापासून स्वतःचाच राग येतो आहे.

अंबरनाथला आमच्या कपबशांच्या कारखान्यामागं फुटक्या मालाचा ढीग असे. त्याच्या शेजारची जागा साफ करून ऐंशीच्या सुमारास आम्ही कामगारांनी फुटबॉलचा क्लब काढला. मी सेक्रेटरी, कारण खेळता येत नव्हतं. मॅचआधी अकराही जण रांगेत वाकून ठिकऱ्या वेचत, तरी कुणाचा तरी गुडघा फुटायचाच. गौतम दळण खात्यात होता. तिथं गारगोटी दळून तिची पांढरी पूड मातीत मिसळत. शिफ्ट सुटली की हा तसाच, भुवयांपर्यंत पांढरा, मैदानात उतरायचा. उल्हासनगर कॅम्प दोनची पोरं ओरडायची, "आली रे पावडर कंपनी!" आणि हा हसत हसत त्यांच्या तिघांना चकवून गोल मारून यायचा. पुढं आम्ही तेच नाव हौसेनं बनियनवर छापून घेतलं. त्याच्यासारखा पळणारा गडी मी पुन्हा पाहिला नाही.

चार-पाच वर्षांनी तो म्हणाला, "भाऊ, मला जरा मागं खेळव. दम लागतो."

"बिड्या कमी कर," मी म्हणालो. तो बिडी ओढत नाही हे मला ठाऊक होतं... पण चेष्टेची सवय. मी त्याला मधल्या फळीत घेतलं. मग बचावाला. मग गोलात. वय झालं की माणूस मागं येतोच, असं सगळे म्हणाले. तेव्हा त्याला पस्तिशीसुद्धा लागली नव्हती! शेवटी तो गोलपोस्टमागं खुर्ची टाकून बसू लागला आणि आम्ही त्याला कोच म्हणू लागलो. केवढा मान दिला, असं आम्हाला वाटलं.

दवाखान्यात टीबी म्हणाले. दोनदा औषधं झाली, गुण नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून एवढंच विचारलं, "काम काय करता?" दगडाची पूड आत बसली होती आणि ती काढायला औषध नव्हतं. शेवटचा भेटलो तेव्हा तो उशांना टेकून बसला होता. आडवं झालं की श्वास अडायचा. मी म्हणालो, "मला कळायला हवं होतं रे."

"कळून... काय केलं असतंस, भाऊ? पोरं... लहान होती."

मी त्याच्या पाठीमागची घसरलेली उशी वर सरकवली.

परवा रविवारच्या मॅचची यादी करत होतो. आमचा हल्लीचा फॉरवर्ड दिलीप जवळ आला. सव्वीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, त्याच दळण खात्यात. "काका, मला हाफला टाका ना. दम पुरत नाय."

मी यादीवरून मान वर केली. म्हणालो, "दिलीप, ते खातं सोड."

"सोडून जाऊ कुठं?" त्यानं विचारलं, आणि उत्तरासाठी तो खरोखरच थांबला.

मी यादीतलं त्याचं नाव खोडलं आणि मधल्या फळीत लिहिलं.